तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

बेझांसों, रविवार, ६ ऑक्टोबर

आबजी,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. राहून गेलेलं नाही, मुद्दाम लिहिलेलं नाही.

मी तेहरानात व्हिसासाठी दहा दिवस अडकले, तोवर तुझं पत्र माझ्याआधी इथे येऊन बसलं होतं. काशानहून तेहरान, तिथून विमानाने पॅरिस, पॅरिसहून आगगाडीने इथे, असे दोन दिवस हाडं खिळखिळी करून मी घरमालकिणीच्या, मादाम पेर्नेच्या, दारात उभी राहिले, तर तिने माझ्या हातातली बॅग घेण्याआधी तुझा लिफाफा माझ्या हातात ठेवला. "तुमच्या बहिणीचा किती जीव आहे तुमच्यावर," म्हणाली. मी म्हटलं, "हो, माझ्यासाठी ती काहीही करेल." फ्रेंचमध्ये बोललेलं माझं पहिलं पूर्ण वाक्य, आणि तेही खोटं.

पत्र वाचलं. आगाजान हटून बसलेत म्हणे. धाकटीचं मन दुखवून थोरलीची पाठवणी करणार नाहीत. तुरानकडून 'माझं मन साफ आहे, माझी हरकत नाही' अशी एक ओळ येऊ दे, मगच आझर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी लग्न. आणि पुढे तू लिहितेस, "तेवढी एक ओळ लिहून टाक ना गं, माझे सोने." तू मला आजवर कधी सोने म्हणाली नाहीस. गेल्या हिवाळ्यात माझा निळा कोट हवा होता तेव्हासुद्धा नाही.

तर आबजी, हिशेब साधा आहे. आझरचा पहिला शुक्रवार म्हणजे बावीस नोव्हेंबर. सत्तावीस वर्षांच्या घोडनवरीचं लग्न एकवीस वर्षांच्या पोरीच्या एका ओळीवर अडलं आहे. हे वाचून माझा प्रवासाचा शीण उतरला. ती ओळ मी लिहिणार नाही. पत्रं मात्र लिहीन, भरपूर लिहीन. प्रत्येक लिफाफा तू घाईघाईने फोडशील, शेवटपर्यंत वाचशील, आणि आत ती ओळ नसेल.

तुला फ्रान्स बघायचं होतं ना लहानपणापासून? मी बघते आहे. तू तुझ्या होणाऱ्या सासूचं, मोनीर खानमचं, स्वयंपाकघर बघ. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि खिडकीतून नदी दिसते. मादामचे यजमान, मस्य पेर्ने, घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावून दिवसभर खिडकीपाशी बसतात, बोलत काहीच नाहीत. मादाम दोघांच्या वाटचं बोलते. मला ती 'तुम्ही' म्हणते, नवऱ्याला 'तू' म्हणते आणि मांजरालाही 'तू' म्हणते. जेवायला बरोबर साडेसातला बसायचं. तोंड पुसायला मला माझ्या नावाचा कापडी रुमाल दिला आहे, लाकडी कडीत अडकवलेला.

काल काय काय होतं ते लिहिते, म्हणजे तुझा जीव जळेल. आधी भाज्यांचं सार, मग वरून चीज घालून खरपूस भाजलेले बटाटे, मग पाला, मग पुन्हा चीज, त्याचे चार प्रकार, मग नाशपाती. मादाम प्रत्येक पदार्थ माझ्यापुढे धरून विचारत होती. मी कुठे एवढं खाणार? मामानने बांधून दिलेली आलुबुखाराची आंबट पोळी तेवढी नंतर खोलीत खाल्ली. ती इथे फारच चविष्ट लागते.

तुरान


बेझांसों, गुरुवार, १० ऑक्टोबर

आबजी,

अक्षर थोडं हललं आहे, ते थंडीने.

इथलं जेवण उत्तम आहे. काल ससा होता, मोहरीच्या रसात शिजवलेला. वास जिन्यापर्यंत येत होता. मादाम भांडं घेऊन माझ्याजवळ आली, "घ्याल का थोडं?" म्हणाली. मी हसून म्हटलं, "मेर्सी." ती भांडं घेऊन पुढे गेली. मस्यनी दोनदा घेतलं.

ही बाई कंजूष नसावी, पण वागते तशी. एकदा विचारते आणि निघून जाते. पाहुण्याला असं वाढतात का? आपल्याकडे शेजारची मांजर आली तरी तिला दोनदा विचारतात. पाव मात्र न विचारता प्रत्येकाच्या ताटलीशेजारी थेट टेबलक्लॉथवर ठेवतात, तो मी खाते. सोमवारपासून वर्ग सुरू होतील, मग काय ते बघू. आंबट पोळी संपली. मामानला सांग, पुढच्या वेळी जास्त पाठव. नाही, सांगू नकोस.

आज मला त्या गुरुवारबद्दल लिहायचं आहे. तू सगळ्यांना तुझ्या सोयीची गोष्ट सांगितली आहेस, म्हणून माझी तुझ्यापाशीच सांगते. तू तिथे होतीस, पण माझ्या जागी उभी नव्हतीस.

जून महिना होता. मोनीर खानम, त्यांचा हूशंग आणि हूशंगचे काका आपल्या बैठकीत बसले होते, मला मागणी घालायला. तुला नव्हे, मला. चहाचा ट्रे माझ्या हातात होता. मला हूशंग आवडत होता, दोन वर्षं आवडत होता, आणि ते तुला एकटीला सांगितलेलं होतं. आता लिहायला लाज कसली. मोनीर खानम म्हणाल्या, "मग तुरान जान, येणार का आमच्या घरी?" मी गालिच्याकडे बघत म्हटलं, "आबजी घरात असताना मी कशी? आधी तिचं होऊ दे. माझी काही घाई नाही."

आता सांग, मी दुसरं काय म्हणणार होते? पहिल्या विचारण्याला 'हो' म्हटलं असतं तर त्याच मोनीर खानमनी दुसऱ्या दिवशी गावभर केलं असतं, पोरगी टपूनच बसली होती म्हणून. पहिलं 'नाही' म्हणायचंच असतं. मग त्या म्हणणार, "असं कसं, असं कसं." मग मी पुन्हा 'नाही'. मग आगाजान खाकरणार. मग तिसऱ्यांदा मी गप्प बसणार, आणि गप्प म्हणजे 'हो'. हे पाळण्यातल्या पोराला कळतं. मामानने तर मिठाईच्या ताटाला हात घातला होता.

आणि तू मध्येच म्हणालीस, "खरंच सांगतेय ती, मोनीर खानम. तिला फ्रान्सला जाऊन औषधशास्त्र शिकायचंय. माझ्याशी बोललीय ती. उगाच भिडेत नका पाडू तिला."

मी तुझ्याशी असलं काही बोलले नव्हते. मला औषधशास्त्र म्हणजे काय तेही धड माहीत नव्हतं. पण तू इतक्या साळसूदपणे बोललीस की मोनीर खानमचा चेहरा पडला, काकांनी टोपी उचलली, आणि हूशंगने आधी माझ्याकडे, मग आईकडे बघितलं आणि मग तो तिकडेच बघत राहिला. मी काय करणार? तीन परक्या माणसांसमोर ओरडणार होते, की बाई, माझं 'नाही' खरं नव्हतं? दोन महिन्यांनी मोनीर खानम पुन्हा आल्या. नकाराचा अपमान धुवायचा तर त्याच घरातली थोरली बरी. तू पहिल्यांदा 'नाही' म्हणालीस, दुसऱ्यांदा 'नाही' म्हणालीस आणि तिसऱ्यांदा गप्प बसलीस. सगळं कसं रीतीने. आणि तुझं खोटं खरं करायला मला इथे यावं लागलं.

बाबांनी, म्हणजे आपल्या आगाजानांनी, एकीचं नाव ईरान ठेवलं आणि दुसरीचं तुरान. दोन वैरी राज्यांची नावं पोरींना दिल्यावर आणखी काय व्हायचं होतं. पण त्या लढाईत निदान दोन्हीकडून शिंगं तरी फुंकायचे. तू केसाने गळा कापलास.

ओळ या पत्रातही नाही.

तुरान


बेझांसों, मंगळवार, १५ ऑक्टोबर

आबजी,

मागच्या दोन पत्रांत मी खोटं लिहिलं. ससा मी खाल्ला नाही. चीज घातलेले बटाटे खाल्ले नाहीत. नऊ दिवस मी पाव, आंबट पोळी आणि चहासाठी ठेवलेले साखरेचे खडे एवढ्यावर काढले. काल सकाळी वर्गाला जायला निघाले आणि जिन्यात चौथ्या पायरीवर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

शुद्धीवर आले तेव्हा स्वयंपाकघरात खुर्चीवर होते आणि मस्य माझ्या तळहाताला काहीतरी उग्र चोळत होते. त्यांचं भिंग अजून कपाळावर होतं. त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला.

"पोरगी जेवत नाही, ओदील. मी तुला गुरुवारीच म्हटलं."

"मी रोज विचारते!" मादाम म्हणाली. "रोज, प्रत्येक पदार्थाला! ती रोज नको म्हणते!"

मी म्हटलं, "मी नको कधी म्हटलं? मी मेर्सी म्हटलं."

"तेच ना!"

"तेच काय? मी आभार मानले."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग मादाम माझ्यासमोर बसली आणि लहान मुलाला शिकवावं तसं बोलली. "हे बघा. कोणी भांडं पुढे धरलं आणि तुम्ही 'मेर्सी' म्हणालात, तर त्याचा अर्थ नको. हवं असेल तर म्हणायचं, हो, घेते. शाळेत नाही शिकवलं?"

आपण दिवसातून पन्नासदा 'मेर्सी' म्हणतो, आबजी. भाजीवाल्याला म्हणतो, टॅक्सीवाल्याला म्हणतो. फ्रेंचांकडून घेतलेला शब्द आणि त्यांच्याच घरात त्याने मला उपाशी मारलं. पण खरी गोम पुढेच होती. मी म्हटलं, "बरं, मेर्सीचं चुकलं. पण एकदा मी खरोखर 'नको' म्हटलं होतं, सशाच्या आदल्या दिवशी. तेव्हा तुम्ही परत का नाही विचारलं?"

"परत?" मादाम म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात ना?"

"पण ते खरं नव्हतं."

"मग खोटं कशाला बोललात?"

"खोटं नाही. ते... आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणतात. दुसऱ्यांदाही. तुम्ही आग्रह करायचा, मग तिसऱ्यांदा मी घेणार. याला आम्ही तारोफ म्हणतो."

मादामने तीन बोटं वर केली. "म्हणजे तुम्हाला भूक लागलेली असते, मला माहीत असतं की तुम्हाला भूक लागली आहे, तुम्हाला माहीत असतं की मला माहीत आहे, आणि तरी तीनदा?"

"हो."

"आणि अन्न गार होतं त्याचं काय?"

मस्य तोवर उठून चार अंडी फोडायला लागले होते. मादाम मात्र थांबायला तयार नव्हती. म्हणाली, "तुम्ही नको म्हटल्यावर मी परत विचारलं, तर मी तुम्हाला तोंडावर खोटारडी म्हटल्यासारखं होईल. या घरात 'नाही' म्हणजे 'नाही'. माणसाने म्हटलेलं आपण मानायचं असतं." मग ताटली पुढे सरकवून विचारलं, "ऑम्लेट घ्याल?"

मी म्हटलं, "हो." पहिल्या फटक्यात. तुला सांगते, कपडे काढून रस्त्यात उभं राहिल्यासारखं वाटलं. मग खाल्लं. चारही अंडी खाल्ली, वर अर्धा पाव खाल्ला, मग चीज मागून घेतलं. त्या चीजचं टोक मी आडवं कापलं तर मादाम कळवळली, कारण टोक एकट्याने घ्यायचं नसतं म्हणे, पण काल तिने मला माफ केलं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटं नाही. फक्त माझी बहीण भिकेपेक्षाही वरची निघाली.

कारण खाताना मला सगळं लख्ख दिसलं. या बाईने नऊ दिवस मला उपाशी ठेवलं आणि तिच्यावर मी एक क्षणही रागावू शकले नाही. तिला माहीतच नव्हतं. ती बिचारी फ्रेंच. पण तू? आपण एकाच ताटात जेवलो, आत्याच्या घरी तिने मिठाई पुढे केली की दुसऱ्या 'नको'ला तूच माझ्या पायाला चिमटा काढायचीस, आता पुढच्याला घे म्हणून. माझं 'नाही' किती खोल आहे हे जगात तुझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तू त्या दिवशी फ्रेंच झालीस, आबजी. पाच मिनिटांपुरती, आपल्या सोयीने. माझ्या तोंडचा घास तू हिसकावला नाहीस. तू फक्त दुसऱ्यांदा विचारू दिलं नाहीस.

आता मी इथे 'हो' म्हणायला शिकते आहे. जे पुढे येईल त्याला पहिल्याच वेळी हो. तू सांभाळून राहा.

तुरान


बेझांसों, सोमवार, ४ नोव्हेंबर

आबजी,

तुझं उत्तर शनिवारी आलं. आठ पानं! वाचून झाल्यावर मी खोलीभर फेऱ्या मारल्या. तू स्वतःच्या हाताने असलं काही लिहून पाठवशील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

सातव्या पानावरचं तुझं वाक्य तुलाच वाचून दाखवते. "तुरान जान, तुझ्या मनात अजून अढी असेल तर एका शब्दाने कळव. माझ्या डोक्याची शपथ, मी आजच्या आज हे लग्न मोडते. माझ्या बहिणीच्या एका आसवापुढे नवरा म्हणजे काय? हे मी आगाजानना आणि मोनीर खानमना वाचून दाखवूनच पाकिटात घालते आहे." आणि कंसात, "मोनीर खानमच्या डोळ्यांत पाणी आलं."

काय शोभली असशील वाचताना. ओढणी डोक्यावर, आवाज किंचित कापरा. आता तुरान लिहिणार, छे छे आबजी, माझ्या गळ्याची आण, असं काही करू नकोस, माझं मन साफ आहे. मग आगाजानना ती ओळ मिळणार. आणि मोनीर खानमना दिसणार की सून किती मोठ्या मनाची आहे. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची तुझी सवय काही जात नाही.

मी ते वाक्य मादामला फ्रेंचमध्ये करून सांगितलं. शब्दाला शब्द, काही लपवलं नाही. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "तुमची बहीण फार सरळ बाई आहे," म्हणाली. "किती स्वच्छ विचारलंय. आता तुम्हीही सरळ उत्तर द्या. मनात अढी आहे?"

"आहे."

"मग तसं कळवा. तिने विचारलंय ना?"

मी तिच्या गालाचा मुका घेतला. इथे तसा दोन्ही गालांचा घेतात, मी चार घेतले. आणि आज सकाळी पोस्टात जाऊन आगाजानच्या नावाने तार केली. ती तुम्हाला हे पत्र मिळण्याच्या आठ दिवस आधीच मिळालेली असेल. त्या तारेत काय आहे ते तू पाठ केलं असशीलच, तरी माझ्याही हाताने लिहू दे. 'आबजीचं म्हणणं मान्य. मनात अढी आहे. लग्न मोडा. तुरान.'

तू म्हणालीस, एक शब्द. मी हात सैल सोडून नऊ पाठवले.

आता तुझ्यापुढे दोनच वाटा आहेत आणि दोन्ही मी मोजून बघितल्या. एक म्हणजे शपथेला जाग आणि मोड. मग सत्ताविसाव्या वर्षी, आमंत्रणं गेल्यावर लग्न मोडलेली मुलगी म्हणून मामानच्या शेजारी बसून जन्मभर डाळ निवड. किंवा दुसरी. त्याच बैठकीत, त्याच माणसांसमोर उभी राहा आणि सांग, की मी ते मनापासून लिहिलं नव्हतं, म्हणायचं म्हणून म्हटलं, तिने खरं धरायला नको होतं. सांग ना. कोण अडवतंय? फक्त हे म्हणताना एक गोष्ट विसरू नकोस. बैठकीतल्या प्रत्येकाला जून महिना आठवेल. जिला स्वतःचं तोंडदेखलं बोलणं तोंडदेखलं म्हणून कळतं, तिला बहिणीचंही कळलंच असणार.

माझं म्हणशील तर मला झोप छान लागते आहे आणि वजन वाढलं आहे.

तुरान


बेझांसों, सोमवार, १८ नोव्हेंबर

आबजी,

काल फोनवर मी तीनच शब्द बोलले, तेही एकच शब्द तीनदा. बाकीचं लिहिते.

रविवारचं दुपारचं जेवण चाललं होतं. फोन मस्यनी उचलला आणि "इराण, इराण," म्हणत रिसीव्हर माझ्याकडे लांब धरला. आधी नुसती खरखर, मग तुझा आवाज, इतका जवळ, की मी मागे वळून बघितलं.

"तुरान? ऐकू येतंय? सगळे इथे आहेत. आगाजान आहेत, मामान आहे, मोनीर खानम आल्यात, हूशंग पण आहे. सगळ्यांसमोर बोलतेय मी." मागे कोणीतरी कपात चमचा ढवळत होतं, तो थांबला. "मला माहीत होतं. जूनमध्ये तू नाही म्हणालीस ते तोंडदेखलं होतं, मला तेव्हाच माहीत होतं. शिक्षणाचं मी माझ्या मनाचं सांगितलं. तू मला काही बोलली नव्हतीस." आणि मग हळू, जणू बाकीच्यांना ऐकू जाणारच नव्हतं, "तुला दुसरं कोणी आलंच असतं गं. मला कोण विचारणार होतं?"

पाच महिने मी या वाक्यासाठी जगले. रागाने जेवले, रागाने फ्रेंच शिकले. तू ते आमच्या, म्हणजे तुमच्या, अख्ख्या बैठकीसमोर बोललीस. काशानमध्ये असं आजवर कोणी कोणासाठी केलं नसेल. मला वाटलं, आता आपण दोघी रडणार आणि संपणार.

मग आगाजाननी फोन घेतला. "तुरान, तुझी बहीण बोलली. माझ्या घरात एवढं खरं मी कधी ऐकलं नव्हतं. आता तू सांग. होऊ दे लग्न?"

"नाही," मी म्हटलं.

"पोरी, रागात आहेस. पुन्हा विचारतो."

"नाही."

मामानचं रडणं ऐकू आलं. आगाजान सावकाश म्हणाले, "नीट ऐक. तिसऱ्यांदा विचारतोय. तिसऱ्यांदा, बरं का." त्यांचा आवाज मऊ झाला होता. मला दार उघडून देत होते ते, आपल्या रीतीप्रमाणे.

"नाही," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. मग फोन बंद झाला.

मी टेबलाशी परत आले. मादामने विचारलं, "बातमी चांगली ना?" मी म्हटलं, "हो." तिने कोंबडी वाढली, मी घेतली. माझ्या जिवाला गार वाटलं, खोटं कशाला सांगू. ताटली रिकामी होईपर्यंत वाटत होतं.

हूशंग मला नको आहे. एवढ्या सगळ्यात त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही, जूनमध्येही नाही, कालही नाही. तुला तो चालतो, हे तुझं तू बघ. मला जे हवं होतं ते तू दिलं होतंस, आगाजाननी फोन हातात घेण्याआधीच. मी पहिलं 'नाही' म्हणाले ते रागाने. दुसरं म्हणाले, कारण पहिलं म्हटलं होतं. आणि तिसऱ्याला 'हो' म्हणायचं हे मी ठरवलं होतं, आबजी, मामानच्या जिवाची शपथ. तोंड उघडलं आणि आतून दुसरंच बाहेर पडलं. पडल्यावर ते इतकं सोपं वाटलं की परत घेता येईना. त्या गुरुवारी तुझंही असंच झालं असेल. मला हे कळायला नको होतं. तुझा राग करत राहणं बरं होतं.

आगाजानना सांग, चौथ्यांदा विचारा. चौथ्यांदा कोणी विचारत नाही, मला ठाऊक आहे. तरी सांग.

हे मी पोस्टातल्या बाकावर बसून लिहिते आहे. लग्न या शुक्रवारी ठरलेलं आहे. पत्र पोहोचायला आठ-नऊ दिवस लागतात, तार संध्याकाळपर्यंत पोहोचते. दोन्ही खिडक्या शेजारीशेजारी आहेत. तारेच्या खिडकीपुढे कोणीही नाही, आतली मुलगी नखं बघत बसली आहे आणि मघाशी तिने मला विचारलंही, "तार करायची आहे का?"

मी म्हटलं, "मेर्सी," आणि ती पुन्हा नखांकडे वळली. मी आता पत्राच्या रांगेत उभी राहते.

तुरान